लाल झालेले शब्द

"परत सगळे शब्द लाल झालेत गं."

अण्णा एवढंच म्हणाले. आज नळाला पाणी आलं नाही असं सांगावं, तितक्या साध्या आवाजात. लॅपटॉप पाटावर ठेवलेला, समोर ते मांडी घालून बसलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी उंबऱ्याशी चपला घालत होते. दहिवडीहून पुण्याची एसटी गाठायची होती, आणि आदली सबंध रात्र जागून बंद पडलेलं मशीन पुन्हा चालू करून दिल्याचं समाधान अजून अंगात होतं. वाकून पाहिलं. मोटेवर त्यांनी लिहिलेली फाइल उघडी होती. सोंदूर, थारोळं, शिवळ, तिवडा, पाचुंदा, इर्जिक. एकेका शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. "सगळं नवीन टाकलंय ना, करू नंतर काहीतरी," असं म्हणून मी निघाले. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली, फलटण यायच्या आत डोळा लागला. लोणंदला गाडी थांबली, शेंगदाणेवाला चढला, मी जागी झाले आणि अण्णांच्या वाक्यातला 'परत' हा शब्द कानात आला.

ते शब्द नऊ वर्षांपूर्वी लाल होते. मधल्या काळात नव्हते.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. माण तालुक्यात, आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर, शेतीचे जे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरले होते ते लिहून काढायचे. मोट गेली, तिच्याबरोबर मोटेचे शब्द गेले. खळी गेली, मळणी यंत्रावर होऊ लागली, बैल ज्याच्याभोवती फिरायचे तो तिवडा आता कुणी पाहिलेलाही नाही. आधी वहीत लिहायचे. मग मी माझा जुना लॅपटॉप दिला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकून, आणि मराठी लिहायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवला. आठवडाभरात त्यांचा पहिला प्रश्न आला, की मी बरोबर लिहितोय तरी हे लाल रेघ का मारतं? मी सांगितलं, त्याला हा शब्द माहीत नाही. उजवं बटण दाबा, 'शब्दकोशात जोडा' म्हणा, रेघ जाईल. त्या दिवसापासून त्यांनी एकही लाल रेघ तशीच सोडली नाही. मुलांच्या वह्या लाल शाईनं तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला बरोबर शब्दाखालची लाल खूण सहन होत नाही, हे मला फार उशिरा समजलं. एकेक शब्द ते मशीनला शिकवत गेले. चूक असेल तर दुरुस्त, बरोबर असेल तर जोडा. नऊ वर्षं.

हे सगळं शिक्षण एका फाइलीत साठत होतं. लिनक्समध्ये फोल्डरच्या नावाआधी टिंब असलं की तो डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोल आणि एच दाबलं तरच दिसतो. अण्णांच्या होम फोल्डरमध्ये टिंब-कॉन्फिग, त्यात लिब्रेऑफिस (अण्णा ज्यात लिहायचे ते सॉफ्टवेअर), त्यात ४ नावाचा फोल्डर, त्यात युझर, त्यात वर्डबुक, आणि त्या कोनाड्यात स्टँडर्ड डॉट डिक. अगदी साधी मजकुराची फाइल. वरच्या चार ओळी मशीनसाठी, त्यांतली शेवटची म्हणजे नुसती आडवी रेघ, आणि तिच्याखाली एका ओळीवर एक शब्द. त्या रात्री मी डॉक्युमेंट्स घेतलं, पिक्चर्स घेतलं, डेस्कटॉप घेतला. अण्णांच्या नातवंडांचे फोटो दोनदा मोजून घेतले. टिंबवाला फोल्डर घेतला नाही. मग डिस्क फॉरमॅट केली.

त्या रात्रीचं आता सविस्तर सांगायला हवं, कारण माझी खरी चूक टिंबाच्या अलीकडे झाली होती.

शुक्रवारी अण्णांचा फोन आला की काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं येऊन मशीन थांबलंय आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. शनिवारी दुपारी मी घरी पोचले. पत्रा तापलेला, स्वयंपाकघरातून भाकरीचा वास, आणि ओसरीवर तो लॅपटॉप, दिवा उघडझाप करत. शेवटची ओळ अशी होती: कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक, कंसात ०,०. 'पॅनिक' एवढा शब्द वाचला आणि पुढचं मला दिसलंच नाही. फोनवर स्क्रीनचा फोटो तेवढा काढून ठेवला. गावात रेंज ओट्याच्या एकाच कोपऱ्यात येते; तिथे उभं राहून शोधलं तर पन्नास जणांची पन्नास उत्तरं. कुणी म्हणे डिस्क गेली, कुणी म्हणे रॅम काढून पुसून घाला. मला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. पिशवीत इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह होता. तो लावला, त्यावरून मशीन सुरू केलं, फायली बाहेर काढल्या आणि सगळं पुसून नव्यानं टाकलं. रात्री अडीचला स्वच्छ निळी स्क्रीन आली. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

आमच्या हॉस्टेलात याला 'फॉरमॅट मारणं' म्हणत. २००७ साल असेल. उबुंटू या लिनक्सची पहिली आवृत्ती २००४ च्या ऑक्टोबरात आली आणि २०११ पर्यंत तिच्या सीडी मागेल त्याला पोस्टानं फुकट घरपोच मिळत. माझी आली तेव्हा पोस्टमन वॉर्डनच्या टेबलावर पाकीट ठेवून गेला होता. परदेशी शिक्का, आत पुठ्ठ्याचं पातळ कव्हर, छपाईचा ताजा वास. फुकट वस्तू इतक्या निगुतीनं कुणी पाठवत असेल यावर विश्वास बसेना. त्या सीडीनं माझं आयुष्य बदललं असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते जास्त वाटतं, पण मला नाही वाटत. कारण ते मशीन बिघडायचं आणि बिघडल्यावर बोलायचं. लॅपटॉपवर वायफाय चालत नव्हतं, कारण चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, वेगळा उतरवून घ्यावा लागे, आणि तो उतरवायला इंटरनेट लागे, जे वायफायशिवाय नव्हतं. मग वहीच्या मागच्या पानावर पॅकेजचं नाव लिहून सायबर कॅफेत जायचं, पेनड्राइव्हवर आणायचं, टाकायला गेलं की डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम, सांगायचं, हे अमक्यावर अवलंबून आहे आणि ते तुझ्याकडे नाही. पुन्हा वही, पुन्हा कॅफे. त्या अमक्याला आणखी तमकं लागायचं. तिसऱ्या खेपेला कॅफेवाले काका पैसे घेत नसत.

त्या दिवसांत मी प्रत्येक ओळ वाचायचे. वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक शब्द चुकला तर उन्हातून आणखी एक फेरी. आणि वाचता वाचता ध्यानात आलं होतं, की यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणीतरी माणसानं, पुढे अडणाऱ्या दुसऱ्या माणसाचा विचार करून लिहिलेली आहे. काय अडलं, कुठे अडलं, पुष्कळदा पुढे काय करून बघ हेसुद्धा. जगभरातल्या अनोळखी माणसांची ती चिठ्ठी असते. हे मला विशीत कळत होतं. पस्तिशीत, हातात जलद इंटरनेट आल्यावर, मी चिठ्ठी न उघडता पाकीट फाडून टाकायला लागले.

हे माझ्या एकटीचं नाही, पुष्कळांचं होतं. एक अगदी नेहमीचा प्रसंग. काही टाकायला जावं तर एपीटी, म्हणजे पॅकेजं उतरवून आणणारा प्रोग्राम, म्हणतं, कुलूप मिळत नाही, दुसरी एक प्रक्रिया ते धरून बसलीय. बहुतेक वेळा ती दुसरी प्रक्रिया म्हणजे मागे आपोआप चाललेलं अपडेट असतं. पाच-दहा मिनिटं थांबलं की कुलूप आपसूक सुटतं. ओळीत त्या प्रक्रियेचा क्रमांकसुद्धा दिलेला असतो. पण शोधलं तर वरचंच उत्तर असतं, की कुलपाची फाइल उडवून टाका. लोक उडवतात. मीही उडवली आहे. दोघं एकाच वेळी एकाच खतावणीत लिहायला लागले की काय होईल, ते होतं: अर्धं पॅकेज इथे, अर्धं तिथे, आणि मग फॉरमॅट मार. सगळं पाच मिनिटं न थांबल्यामुळे.

त्या एसटीतल्या संध्याकाळनंतर पुढच्याच शनिवारी मी पुन्हा गावी गेले. पुसलेल्या फायली परत मिळवण्यासाठी टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडी असते. फायलींची नोंद गेली तरी डिस्कवरच्या कच्च्या मजकुरातून फोटोरेक शोध घेतं. सहा तास चालवलं. अण्णा शेजारी बसून आकडा वाढताना पाहत होते. काही हाती लागलं नाही. ती एसएसडी होती, म्हणजे चकती नसलेली, चिपवरची डिस्क, आणि नवी फाइल सिस्टिम घालताना एसएसडीला आधीच सांगितलं जातं की हे सगळे कप्पे आता मोकळे समज. फिरत्या चकत्यांच्या जुन्या डिस्कवर कदाचित काही मिळालं असतं. "राहू दे," अण्णा म्हणाले. "लिहिलेलं आहे ना सगळं? मग झालं." लिहिलेलं सगळं होतं, एक ओळ गेली नव्हती. तरीही काय गेलं होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं.

आणखी एक त्यांच्या नजरेला आलं होतं, मला दिसलं नव्हतं. "हा ल आपला नाही." मी निरखून पाहिलं. खरंच. आपला ल पाकळ्यांचा. दोन्ही पाकळ्या सारख्या, मध्ये देठ. स्क्रीनवर होता तो हिंदी पुस्तकातला, उजवीकडे उभा दांडा असलेला. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीचा ल कुठला ते ठरवून दिलंय, आणि अण्णांनी तो कागद तेव्हा शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवला होता. फॉन्ट तोच होता, मी तपासला. फरक एवढाच, की नव्यानं टाकल्यावर लिब्रेऑफिसनं देवनागरीची भाषा हिंदी धरली होती. काही फॉन्टांमध्ये दोन्ही ल असतात आणि मजकूर कुठल्या भाषेचा आहे हे बघून कुठला दाखवायचा ते ठरतं. भाषा मराठी केली, आणि त्याच ओळीत, डोळ्यांदेखत, ल आपल्या पाकळ्या घेऊन परत आला. पाठोपाठ मराठी शब्दकोश टाकला. पाणी, विहीर, दोर यांच्याखालच्या रेघा गेल्या. सोंदूर लालच राहिला.

चौदा महिन्यांनी, संक्रांत होऊन गेल्यावर, दुपारी फोन आला.

"तीच काळी पाटी आलीय. दिवा लुकलुकतोय. पण तू यायच्या आत काही पुसायचं नाही, असं माझं मत आहे."

मी पुण्यात, कामात. त्या आठवड्यात जाणं शक्य नव्हतं. म्हणून, निव्वळ अंतरामुळे, मी त्यांना म्हणाले, "अण्णा, वरपासून वाचून दाखवा." आणि त्यांनी वाचलं. मुलांना शुद्धलेखन घालताना वाचायचे तसं, एकेक अक्षर सुटं करून, मध्ये थांबत, मी 'हं' म्हटल्याशिवाय पुढे न जाता. इंग्रजी त्यांना अडत नव्हतं, पण हे इंग्रजी वेगळं होतं. व्ही, एफ, एस. रूट उघडता येत नाही. कृपया योग्य रूट द्या. उपलब्ध पार्टिशन्स पुढीलप्रमाणे. "आणि मग?" मी विचारलं. "मग तुझ्या डिस्कचं नाव काही नाही," ते म्हणाले. "यादी म्हणतंय आणि यादीत डिस्कच नाही."

मी फोनमधला चौदा महिन्यांपूर्वीचा फोटो काढला. तेच. अक्षरन् अक्षर तेच. मी तेव्हा फोटो काढला होता, वाचला नव्हता.

जुन्या वाड्यांचा मोठा दरवाजा आतून अडसर घालून बंद असतो आणि त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असते. आधी एक जण दिंडीतून आत जातो, अडसर काढतो, मग दरवाजा उघडतो. लिनक्स सुरू होताना असंच होतं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क उघडायची असते, पण डिस्क उघडायचे ड्रायव्हर त्या डिस्कवरच असतात. म्हणून इनिटरॅमएफएस नावाचं एक छोटं गाठोडं आधी मेमरीत चढवतात. त्यात नेमके तेवढे ड्रायव्हर असतात. ते आत जाऊन अडसर काढतं. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर हे गाठोडं नव्यानं बांधलं जातं आणि बूटसाठी, म्हणजे मशीन सुरू होण्यासाठी, लागणाऱ्या फायलींच्या जागी ठेवलं जातं. आता, बूटसाठी वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, मीच केलं होतं, पाचशे एमबीचं, कधीकाळी कुठेतरी तसं करावं असं वाचलं होतं म्हणून. एक कर्नल आणि त्याचं गाठोडं मिळून शंभर एमबीच्या वर जातं. अण्णा शिस्तीचे. अपडेट आलं की करायचे, न चुकता. जुने कर्नल आपोआप काढून टाकायची सोय मी सुरू करून दिली नव्हती. चार बसले, पाचव्याला जागा उरली नाही. कर्नल मावला, गाठोडं बांधताना जागा संपली, आणि ते तसंच राहिलं. मशीन सुरू होताना सगळ्यांत नवा कर्नल घेतं. तो दरवाजापर्यंत गेला. दिंडीतून आत जाणारं कुणी नव्हतं.

डिस्क धडधाकट होती. दोन्ही वेळा. मागच्या खेपेला मी सगळं पुसलं तेव्हा बूटचं पार्टिशन मात्र पुन्हा पाचशे एमबीचंच ठेवलं होतं, म्हणून चौदा महिन्यांनी तीच गोष्ट पुन्हा झाली. पुसून काहीच दुरुस्त झालं नव्हतं.

'नॉट सिंकिंग' या शब्दांवरून मी इतकी वर्षं नजर फिरवत आले. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांचा अर्थ नीट बघितला. कर्नल मेमरीत साठवलेलं वेळोवेळी डिस्कवर लिहून टाकत असतो, त्याला सिंक म्हणतात. आपलंच डोकं ठिकाणावर नाही असं त्याला कळलं की तो लिहिणं थांबवतो, कारण अशा अवस्थेत लिहिलेलं चुकीच्या जागी जाऊन असलेलंही बिघडेल. ती ओळ सांगते, की मी घाबरलोय, म्हणून मी डिस्कला हात लावत नाहीये. मीही त्या रात्री घाबरले होते, आणि मी हात लावला.

पुढचा पाऊण तास मला जन्मभर आठवेल. "बटण दाबून बंद करा. आता सुरू करा आणि शिफ्ट दाबून धरा." पहिल्यांदा उशीर झाला, दुसऱ्यांदा जमलं. "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स दिसतंय? त्यात जा. पहिली ओळ सोडा. तिसरीवर या, वाचा." "पाच, टिंब, पंधरा, टिंब, शून्य, आडवी रेघ..." आकडे वाचताना त्यांचा आवाज पाढे म्हणवून घेण्याचा होता. एंटर. शांतता. मागे कुठेतरी शेळी ओरडली. मग अण्णा म्हणाले, "आलं. माझी विहीर आली." त्यांच्या डेस्कटॉपवर आमच्या जुन्या विहिरीचा फोटो आहे.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडून डीएफ चालवायला सांगितलं; कुठे किती जागा भरलीय ते ती आज्ञा दाखवते. बूटच्या ओळीत काय आकडा आहे? "शंभर टक्के." जुन्या दोन कर्नलांची नावं त्यांनी वाचून दाखवली, मी पडताळली, मग ते काढायची आज्ञा मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काही उमटत नाही म्हणून ते दोनदा थांबले. मी म्हटलं, दिसत नसलं तरी पोचतंय. शेवटी डीपीकेजीला अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला सांगितलं. गाठोडं नव्यानं बांधल्याची ओळ आली. या वेळी जागा होती. पुन्हा सुरू केलं तर सरळ विहीर. एकही फाइल इकडची तिकडे झाली नाही. त्यांनी सगळ्या आज्ञा वहीत देवनागरीत लिहून घेतल्या होत्या, तारखेसकट. मग त्यांनी विचारलं.

"मग मागच्या वेळी काय झालं होतं?"

मला टाळता आलं असतं. डिस्कचं काहीतरी होतं, असं म्हणता आलं असतं आणि त्यांनी मान्यही केलं असतं. "हेच झालं होतं," मी म्हणाले.

"म्हणजे पुसायची गरज नव्हती."

"नव्हती, अण्णा."

बराच वेळ नुसता फोनचा आवाज. "बरं," ते म्हणाले. "ऊन उतरलं की बोलतो." आणि त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याकडून बैलाच्या जुवाबद्दल काय कळलं ते सांगत बसले. त्या पाऊण तासाचा आनंद मला अजून आहे. तो नुसता आनंद मात्र कधीच असत नाही. आम्ही दोघं मिळून मशीन उठवलं, आणि ते उठल्यामुळेच मला कळलं की मागच्या वेळीही ते उठलं असतं.

मे महिन्यात आठवडाभर घरी गेले. वाटेत एक कल्पना सुचली होती. शिकवलेल्या शब्दांची फाइल गेली, पण ते शब्द ज्या लेखांतून आले ते सगळे लेख होते. त्या साडेतीनशे फायलींमधून प्रत्येक वेगळा शब्द एकदाच उचलायचा, शब्दकोशाला माहीत असलेले वगळायचे, आणि उरतील त्यांची यादी करायची. छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादी दोन हजारांच्या वर गेली. पण यादी म्हणजे शब्दकोश नव्हे. तिच्यात खरे शब्द होते, तशाच टंकनाच्या चुका होत्या. कुठला शब्द आणि कुठली चूक, हे फक्त एका माणसाला सांगता येत होतं. रोज पहाटे, पत्रा तापायच्या आत, आम्ही ओसरीवर बसायचो. मी वाचायचे, अण्णा म्हणायचे, "घे" किंवा "चूक." कधी "घे" म्हणून थांबायचे आणि तो शब्द कुणी सांगितला, कुठल्या बांधावर सांगितला, ते बोलायचे. इर्जिकेला अर्धी सकाळ गेली: गावानं आपापले बैल घेऊन एकाच्या रानात उतरायचं, संध्याकाळी त्याच्या घरी जेवायचं, आणि अण्णांनी लहानपणी पाहिलेल्या शेवटच्या इर्जिकेला किती औतं होती.

तिसऱ्या दिवशी 'दोऱ्या' हा शब्द लागोपाठ दोनदा आला. मी म्हटलं स्क्रिप्ट चुकली. दोन्ही मोठे करून पाहिले, एकसारखे. मग आतले संकेत उघडून पाहिले. २०१२ च्या सुमाराच्या फायलींत त्यांनी अर्धा र साध्या र ला हलन्त जोडून, पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून लिहिला होता. नंतर नुक्त्याच्या ऱ नं. डोळ्याला एकच दोऱ्या, मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. अण्णांना सांगितलं तर ते चष्मा लावून दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत राहिले. "मग मी हा शब्द त्याला दोनदा शिकवला असेन," ते म्हणाले. "एकदा जोडल्यावरही कधी कधी लाल व्हायचा. मला वाटायचं, विसरलं."

शेवटच्या सकाळी 'वळवंड' आला. अण्णा काही बोलले नाहीत. मी पुन्हा वाचला. मूळ फाइल उघडून वाक्य दाखवलं: विहिरीच्या वळवंडाला बैल आले की मोटकरी पाठ फिरवी. आठ वर्षांपूर्वीची फाइल. खाली सांगणाऱ्याचं नाव नव्हतं. त्यांनी वाक्य दोनदा वाचलं, ओठ हलवत. वळवण असेल का? मग 'वळवणाला' झालं असतं. कुणी सांगितलं असेल? दोन नावं घेतली. दोघंही आता नाहीत. बाहेर ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. मी बोट 'जोडा' वर ठेवून थांबले होते.

"जोडू नकोस," अण्णा म्हणाले. "खोडूही नकोस. मी वाडीवर विचारून येतो. तोवर लाल राहू दे."